मागचा दोर

तिघी मैत्रिणींची छोटी यॉट सकाळपासून किनाऱ्याकिनाऱ्याने मजेत चालली होती. दहाच्या सुमारास धुकं इतकं दाटलं, की समोरचे कडेही दिसेनासे झाले. सुकाणूवरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी वेग कमी केला आणि भोंगा वाजवला.

धुक्यातून बाईमाणसाचा आवाज आला, "अगं, थांबा! दोर टाका!"

रडारच्या पडद्यावर काहीच नव्हतं. दुसरी मैत्रीण, डॉक्टरीण, कठड्याशी धावली. "कोण आहे? नाव सांगा!"

आवाजाने तिघींचीच नावं घेतली. लहानपणीची, लाडाची; त्या नावांनी हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

तिसरी, शिवणक्लासवाली, रडकुंडीला आली. "टाकूया का गं दोर?"

"मुळीच नाही!" मास्तरीणबाई कडाडल्या. "माझ्या बोटीवर मला विचारल्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही!"

तेवढ्यात बोट जागीच अडली. इंजिन गुरगुरत होतं, पण मागच्या खुंटाचा दोर ताणून थेट धुक्यात गेला होता. तो तिघींपैकी कोणीच टाकला नव्हता.

मास्तरीणबाईंनी सुरी उचलली. "ओढ, किती ओढायचंय ते!" म्हणत त्यांनी दोर कचाकच कापला.

बोट सुटली, पुढे निघाली. कापलेलं टोक मात्र पाण्यात पडलं नाही. ते तसंच हवेत, ताठ, त्यांच्या मागोमाग येत राहिलं.