टेबलाची उंची

मोजपट्टी ऑपरेशन टेबलाच्या कडेला टेकवून तिने आकडा टिपला, तेव्हा मोठ्या सर्जननी मास्कमागून विचारलं, "शिवणक्लास काढताय का इथे?" सगळे हसले. तीही हसली.

सुरक्षा तपासनीस म्हणून तिला या हॉस्पिटलमध्ये येऊन पंधरा दिवस झाले होते. सुया आणि पाती लागून होणाऱ्या जखमा थांबवायच्या, हे तिचं काम. कोण कुठे उभं राहतं, कोणाला हात किती उचलावा लागतो, हे ती दिवसभर बघायची. या जागेसाठी तिने तीनदा अर्ज केला होता, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

सात वर्षांपूर्वी इथलीच एक सिस्टर सुई टोचून आयुष्यातून उठली होती. सर्जन हेच; ते उंच, टेबल त्यांच्या मापाचं. बुटकी सिस्टर खांद्यापर्यंत हात उचलून उभी. टाके घालून झालेली सुई सर्जननी न बघताच तिच्याकडे सरकवली आणि ती तिच्या तळव्यात घुसली. काविळीचा विषाणू यकृतात घर करून बसला. कागदावर सर्जननी लिहिलं, 'सिस्टरचा निष्काळजीपणा'. नोकरी गेली.

आता दोन जिने चढताना त्या सिस्टरला चारदा बसावं लागायचं. तपासनीस दर रविवारी तिच्याकडे जायची, तिला ताई म्हणायची, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून द्यायची. सोडून दे आता त्याला, असं ताई म्हणाली की ती विषय बदलायची. सोडायचं असतं तर ती हे शास्त्र शिकलीच नसती.

सोळाव्या दिवशी तिने अधीक्षकांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. टेबल सर्जनच्या छातीपर्यंत चढवलं आणि त्यांना सिस्टरच्या जागी उभं केलं. सुईऐवजी लाल शाईचं पेन घेऊन न बघता दहा वेळा त्यांच्याकडे सरकवलं. हातमोज्यावर सहा लाल ठिपके उमटले. मग टेबल कोपराच्या उंचीला आणलं, दोघांच्या मधे ट्रे ठेवला. पेन ट्रेमध्ये ठेवायचं, दुसऱ्याने तिथूनच उचलायचं. पुन्हा दहा वेळा. नव्या हातमोज्यावर एकही ठिपका नाही.

मग तिने सात वर्षांपूर्वीच्या त्या सिस्टरचं नाव घेतलं आणि अधीक्षकांनी जुनी फाइल मागवली. चौकशी पूर्ण होईपर्यंत सर्जनची ऑपरेशन्स बंद, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. सर्जनचा चेहरा उतरत गेला. तिने तो डोळे भरून पाहिला.

सगळे गेल्यावर सर्जन हातमोजा ओढून काढत म्हणाले, "ती सिस्टर तुमची बहीण असणार. तिच्यासाठी केलंत ना हे सगळं? चांगला सूड उगवलात. पण त्या दिवशी आत काय झालं, ते तुम्हाला काय माहीत? ऐकीव गोष्टीवर माझा गळा कापलात."

"ती माझी बहीण नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी टेबलावर मी होते. तिला लागलं ते माझं रक्त. आणि भूल मला फक्त कमरेखाली दिली होती, डॉक्टर."