बापाला खाली नेताना

"सावकाश. पुढची पायरी हलते," तिंदारा म्हणाली.

सारोने पायाने दगड चाचपला, मग भार टाकला. खांद्यावर बापाची शवपेटी होती. उतरताना सगळं वजन पुढच्या दोघांवर येतं, म्हणून पुढे सारो आणि त्याचा चुलतभाऊ पेप्पे होते, मागे शेजारचे दोघे. सगळ्यांच्या पुढे, अर्धी मागे वळून, सारोची थोरली बहीण तिंदारा पायऱ्या सांगत उतरत होती. बेटावर रस्ता नाही. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, अगदी वरच्या घरापासून धक्क्यापर्यंत. फ्रीज असो, सिमेंट असो की मेलेला माणूस असो, सगळं ह्याच पायऱ्यांवरून जातं. सामान खेचरावर. माणूस खांद्यावर.

"डावीकडे हो. निवडुंग आहे."

सारो डावीकडे झाला.

"काका जिवंतपणी एवढा जड नव्हता रे," पेप्पे धापा टाकत म्हणाला.

"काका तेवढाच आहे. तुझ्यातच जीव राहिला नाही. दारू सोड."

"उद्यापासून. आज काकाच्या नावाची प्यायचीय."

"गप उतरा दोघं," तिंदारा म्हणाली. "पाद्री खोळंबलाय."

सगळी अडचण त्या पाद्रीचीच होती. बेटाला स्वतःचा पाद्री नाही. तो शेजारच्या लिपारी बेटावरून बोटीने येतो आणि त्याच बोटीने बेट बघायला पाहुणे येतात. पाहुणे यायच्या आधी माती उरकावी असं सारोच्या मनात होतं, पण पाद्रीशिवाय उरकणार कशी? पाद्रीचे गुडघे दुखतात, म्हणून तो उतरल्या उतरल्या खालच्या चर्चमध्ये बसून राहिला. पाहुण्यांचे गुडघे ठणठणीत होते. ते वर निघाले.

सारोचा बाप, म्हातारा कार्मेलो, जन्मात कुणाच्या फोटोत आला नाही. कॅमेरा दिसला की तोंड भिंतीकडे. आणि मुलगा? बेटाच्या जाहिरातीवर मुलगाच होता. लाल रुमाल, गोंडे लावलेलं खेचर, बत्तीसच्या बत्तीस दात. वीस उन्हाळे सारोने हेच केलं होतं. पाहुण्यांच्या बॅगा वर न्यायच्या आणि कुणी मोबाइल उचलला की थांबायचं. परवा, बोलायचं त्राण होतं तेव्हा, म्हातारा म्हणाला होता, "मला नेशील तेव्हा तमाशा नको. तोंड मिटून ने." सारोने बापाचा हात हातात धरून हो म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच बापाने त्याच्याकडे काही मागितलं होतं. चर्चपर्यंत तोंड मिटून जायचं, एवढंच. आज त्याने रुमाल बांधला नव्हता. खेचर वरच बांधून ठेवलं होतं.

शंभरेक पायऱ्या उरल्या असतील. वळणावर पाहुणे समोर आले. सहा-सात जण, टोप्या, काठ्या, पाठीवर पिशव्या. ते भिंतीला सरकले नाहीत, पायरीच्या मधोमध उभे राहिले. पाहुण्यांना बेट फार आवडतं. बेटावर माणसं मरतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पेटीवर आईने लग्नात आणलेली पांढरी विणलेली चादर होती, चादरीवर फुलं होती.

"किती सुंदर!" पुढची बाई म्हणाली. "कसला सण आहे हो आज?"

"वरात आहे बाई," पेप्पे म्हणाला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. "नवरदेव दमला, म्हणून आडवा झालाय."

बाईला टोमणा कळला नाही. वरात कळली. तिने टाळ्या वाजवल्या. मग तिची नजर सारोवर गेली.

"अय्या, हा तर तोच! जाहिरातीतला खेचरवाला!"

तिने मोबाइल वर केला.

सारो मनात नाही म्हणाला. खरंच म्हणाला. पण त्याला विचारतंय कोण? हनुवटी आपोआप उचलली गेली. डावा पाय खालच्या पायरीवर गेला. कंबर थोडी वाकली, जशी खेचराला टेकताना वाकते. आणि दात उघडले. सगळे.

खांदा खाली गेला तशी पेटी कलली. "अरे धर, धर!" मागून कुणीतरी ओरडलं. आत म्हातारा सरकला. त्याचे पाय फळीवर आपटले. आवाज सगळ्यांना ऐकू आला.

बाईचा हात हळूहळू खाली आला. तिने पेटीकडे पाहिलं, तिंदाराच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. सारोचं राहिलं. ओठ मिटायला हवेत हे त्याला कळत होतं, ते मिटत नव्हते.

"खाली का केलात?" तिंदारा बाईला म्हणाली. "काढा की."

बाई पुटपुटली, "माफ करा, आम्हाला माहीत..."

"काढा म्हणते ना."

मग तिंदाराने वळून भावाकडे पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. इतका वेळ पायऱ्या सांगत होती, त्याच आवाजात म्हणाली,

"सारो, जरा डावीकडे हो. तुझ्यामागे बाबा दिसत नाहीयेत."

सारो डावीकडे झाला.