वहीतल्या तीन वाटा

रविवारच्या कथाखेळात नवरा सरदार व्हायचा, दीर मांत्रिक आणि दिराचा मित्र तिरंदाज. गोष्ट रचायची आणि फासे पडतील तशी ती पुढे न्यायची, हे काम तिचं.

तिघंही जेवले की ताटं सिंकमध्ये टाकून मोकळे. सांगून सांगून पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून या वेळी एका बैठकीत संपणारी मोहीम तिने सिंकसमोर उभं राहूनच लिहिली. तुंबलेल्या पाण्यावरचा तेलकट तवंग, कपांच्या तळाशी उगवलेली हिरवी लव, वाळून घट्ट झालेलं खरकटं, सगळं जसंच्या तसं राक्षसाच्या गुहेत गेलं. लिहिताना तिला दोनदा उमासे आले. राक्षसाला मारायचा उपाय एकच ठेवला: गुहा घासून लख्ख करायची.

तिने वाचायला घेतलं आणि तिघांनी नाकं दाबली.

"शी! वहिनी, मळमळतंय मला. कुठून सुचतं तुला हे?"

"जवळूनच," ती दिराला म्हणाली. "बोला, काय करताय आता?"

तिच्या वहीत तीन वाटा होत्या. तिघं मिळून घासतील, पाळ्या लावून घासतील, नाहीतर गुहा ओळखतील आणि शरमेने गप्प उठून सिंककडे जातील.

सोफ्यावर पाय पसरून नवऱ्याने चौथी काढली.


"आपण कशाला हात घाण करायचे? एवढा मोठा राक्षस आहे, त्याला बायको असेलच की. तिला शोधा!"