चंद्रावतीबाईंच्या हातची चव

'नको येऊ चुलीपाशी, धूर डोळ्यांना डसंल,
माझी शिकलेली लेक, उद्या खुर्चीत बसंल.'

आईचा लहानपणी ऐकलेला तो आवाज प्रांजलला आठवला, तेव्हा तिच्या कानाला फोन होता, हातात पळी होती आणि समोरच्या टोपातून धूर निघत होता. ओवी गात गात आईनं तिला चुलीपासून लांब ठेवलं होतं. लेक खुर्चीत बसलीही. तिनं स्वतःची कंपनी काढली. उरणच्या कोळणींकडून ताजी मासळी घ्यायची, साफ करून मसाल्यासकट डब्यात भरायची आणि खारघरच्या टॉवरांत पोचवायची. डब्यावर लिहिलेलं होतं, 'ज्याला काहीच येत नाही, त्यालाही जमेल.'

पनवेलच्या तिच्या फ्लॅटमध्ये काहीच न येणारी ती एकटीच होती. म्हणून ती आता रांधायला शिकत होती.

फोनवर भावना मॅडम होत्या. कंपनीत पैसे घालायला बाकी सगळ्यांनी गोड शब्दांत नकार दिला होता. उरल्या होत्या या एकट्या. यांनीही नाही म्हटलं, तर कंपनीला टाळं.

"बर्न किती आहे?" मॅडमनी विचारलं. महिन्याला किती पैसे जळतात, असं त्यांना म्हणायचं होतं.

प्रांजलनं टोपात डोकावलं. "खालून लागलंय जरा. वरचं चांगलं आहे."

पलीकडून मोठ्यानं हसू आलं. "लागलंय म्हणून सांगणारी तुम्ही पहिलीच. आता असं करा, रविवारी मी जेवायला येते. तुमचाच डबा, तुमच्याच हातचं. जमलं, तर डब्यावरचं वाक्य खरं. मग पैशांचं बोलू."

प्रांजलनं लगेच सासूला फोन लावला.

उरणच्या कोळीवाड्यात चंद्रावतीबाईंच्या कालवणाचं मोठं नाव. हळदीला निघालेल्या बायका वास घेत त्यांच्या दाराशी थांबत. लग्नानंतर प्रांजल सणाला गेली, तेव्हा त्यांनी तिला ओट्याकडे फिरकूही दिलं नव्हतं. "आमच्यात नव्या सुनेनं पयलं वरीस चुलीपाशी यायचं नसतं गो." हा रिवाज प्रांजलला भारी आवडला होता. तिचा नवरा परेश जहाजावर नोकरीला. त्याला फोनवर काही विचारलं, की तो नुसता हसायचा. "आईलाच विचार ना."

मग रोज आईलाच विचारणं सुरू झालं.

"आई, कोकमाचं आगळ कधी घालू?"

"थांब गो, रेंज जाते हाय."

फोन मुका व्हायचा. थोड्या वेळानं रेंज यायची आणि उत्तर यायचं ते अगदी नेमकं. आगळ शेवटी. आधी घातलंस तर मासा आखडतो. व्हिडिओ कॉलला मात्र त्या तयार नसत. "माझा अवतार बघन्यासारका नाय."

त्या बिनचेहऱ्याच्या आवाजाला धरून प्रांजल मिठाचा अंदाज शिकली, हळदीचा शिकली. एकदा तर तिचं कालवण खरंच कालवणासारखं लागलं. त्या दिवशी ती एकटीच ओट्याशी बसून जेवली आणि गुणगुणली.

रविवारी सासू-सासरे उरणहून आले. सासरे रामू म्हणजे मोजकंच बोलणारा माणूस. अर्धं आयुष्य होडीवर गेलेलं. ते हॉलमध्ये पेपर घेऊन बसले. भावना मॅडमही वेळेवर आल्या. ओट्यावर बोंबलांचा डबा उघडला होता.

"आई, पाणी किती?"

चंद्रावतीबाईंनी टोपाकडे पाहिलं, मग दाराकडे. "यांना जरा पानी देऊन येते हां." परत आल्या. "पानी नको. बोंबील आपलं पानी आपनच सोडतो."

"पळीनं हलवू?"

"यांना अजून तहान लागली वाटतं." पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. "पळी लावायची नाय. चुरा व्हईल. फडक्यानं टोप धर नि गोल फिरव."

सासऱ्यांना त्या दिवशी फारच तहान लागली होती.

पानं वाढली. भावना मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग कुणाशी न बोलता वाटी पुढे केली. प्रांजलनं वाढताना वाटीत न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

बोटं चाटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कधीपासून शिकताय?"

"तुमचा फोन आला ना, खालून लागलं होतं तेव्हा, त्याच्या जरा आधीपासून. सगळं आईंनी शिकवलं. फोनवरून."

"मग डब्यावरचं वाक्य खरं आहे. मी पैसे घालते." त्या चंद्रावतीबाईंकडे वळल्या. "पण माझी एक अट आहे. यापुढे प्रत्येक डब्यावर या हव्यात. 'चंद्रावतीबाईंच्या हातची चव.' नाव यांचं, फोटो यांचा. चालेल ना, मावशी?"

प्रांजलनं सासूला मिठीच मारली. चंद्रावतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. रामूनं ताटावरून डोळे न उचलता हळूच मान हलवली. राहू दे, असं. इतकी वर्षं राहू दिलं होतं तसंच.

त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला.

"बाय, फोटो यांचा काढा. लगीन झाल्यापासून घरात हेच रांधतान. मी रांधलेलं आमची मांजर पन खात नाय."