चौथं बटण

"अण्णा, हा टीव्ही नाहीये, थापट मारली की चालू व्हायला!" मी वडिलांवर ओरडलो.

पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. त्यांच्यासाठी मी बोलणारा डबा बनवत होतो. बटण दाबलं की माझ्या आवाजात शब्द यायला हवा: पाणी, पंखा, दुखतंय. चौथ्या बटणावर आईने हट्टाने अण्णांचा नेहमीचा शब्द भरायला लावला होता. पण डबा मुका तो मुकाच. आतली चिप नखाएवढी, तिचे केसासारखे पाय मी हाताने सोल्डर केलेले. भिंगातून कुठे शॉर्ट दिसेना. बॅटरी बदलली, स्पीकर बदलला, तरी ढिम्म! माझ्या याच सोल्डरिंगच्या उद्योगाला 'भंगार' म्हणत अण्णा त्या दिवशी माझ्याशी भांडत होते, आणि अर्ध्या वाक्यात त्यांचं तोंड वाकडं झालं होतं.

मी चिडून पाण्याचं बटण दाबलं. त्याच वेळी अण्णांनी धड हाताने डब्याला पुन्हा थापट हाणली.

"पाणी!" डबा बोलला.

थापटीने बोलतो, म्हणजे चिपचा एखादा पाय नुसता टेकलाय, चिकटलेला नाही. सुईने एकेक पाय ढकलून बघितला. कोपऱ्यातला हलला. डाख नीट धरावा म्हणून त्याला फ्लक्स लावून पुन्हा सोल्डर केलं.

"घ्या, मागा काय हवं ते," म्हणत मी डबा पुढे सरकवला.

अण्णांनी पाणी सोडलं, पंखा सोडला. माझ्याकडे रोखून बघत चौथं बटण दाबलं.

"गाढवा!" माझ्याच आवाजात ते माझ्यावर गरजले.

"भंगार नाहीये हे, अण्णा!" मी कडाडलो.

त्यांनी पुन्हा दाबलं.