न बोलणारी गाडी

पेट्रोल पुन्हा महागलं आणि गॅरेजमधल्या बाकावर वाद पेटला. एक म्हणे बॅटरीच बरी, दुसरा म्हणे गॅस, तिसरा म्हणे सायकली काढा, पोटंही आत जातील. गॅरेजवाले मिस्त्री मात्र पाना फिरवत राहिले. त्यांची पोरगी धुसफुसली, "बाबा, बॅटरीच्या गाड्या दुरुस्तीला घ्या म्हणून महिनाभर घसा कोरडा करतेय मी. घेत नसाल तर सरळ शटर ओढा."

"मी इंजिन ऐकून दुखणं सांगतो, बाई. जी गाडी बोलतच नाही, तिचं काय ऐकू?"

पोरीचं डोकं सटकलं. समोरच्या शिलाईवाल्या मावशींची बॅटरीची स्कूटर चालताना थरथरायची आणि शोरूमचा कॉम्प्युटर तीनदा 'सगळं ठीक' म्हणाला होता. तीच तिने ओढत आणून बाबांपुढे उभी केली.

मिस्त्रींनी नाइलाजाने मागचं चाक उचलून फिरवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या मधोमध टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बाकावरचे माना लांबवून बघू लागले.

"बेअरिंग गेलंय. डावीकडचं."

चाक उघडलं, तर डावं बेअरिंग गंजून लाल झालेलं. मागोमाग आलेल्या मावशी चक्रावल्या. "अहो, इंजिनच नाही, मग ऐकलंत काय?"

"आजवर इंजिनाच्या आरडाओरड्यातून ही कुरकुर शोधत होतो, मावशी. हिने तर कानात सांगितलं."

पोरगी बाकाकडे बघून अशी हसली, जणू पैजच जिंकली. मिस्त्री हात पुसत तिला म्हणाले, "दात काय काढतेस? गल्लीत अशा अजून किती आहेत, ते विचारून ये."