पोरांची वाटी

जत्रेच्या पंगतीत सगळ्यांच्या ताटात लालभडक रस्सा पडला. सुट्टीवर आलेल्या हवालदार सर्जेरावपुढं मात्र त्याच्या आईनं, मनुबाईनं, पिवळ्या अळणी पाण्याची वाटी ठेवली. मटणात मीठ आणि लाल तिखटाची चटणी पडायच्या आधीच बारक्या पोरांसाठी काढून ठेवतात, ती.

शेजारचा चुलतभाऊ फिसकन हसला. "काय रं गड्या, दात यायचं हायती व्हय अजून?"

"डॉक्टर म्हनला, रोगाशी लढनारी आपलीच फौज आता आपल्याच किडनीवर गोळ्या झाडतीय," सर्जेराव म्हणाला. "औषधं हायतीच. पर मीठ तोडलं, मटन बेतानं खाल्लं, तर किडनी जास्त वर्सं साथ दील."

चुलतभावानं आपलं ताट जरा लांब सरकवलं.

सर्जेरावनं वाटी तोंडाला लावली. हळद, लसूण आणि चुलीचा धूर. चव तीच होती, लहानपणीची. तेव्हा या वाटीवरून तो भोकाड पसरायचा आणि मोठ्यांच्या पंगतीकडं बोट दाखवून विचारायचा, "आये, मला चटनीचं कवा?" दर जत्रेला मनुबाईचं उत्तर ठरलेलं असायचं, "मोठा झालास की."

आता पिकू लागलेल्या मिशीला लागलेलं पाणी तसंच ठेवून त्यानं तोच जुना हेका धरला, "आये, मला चटनीचं कवा?"

मनुबाई खाली वाकली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"म्हातारा झालास की."